शेततळ्यातला झिंगा निखाऱ्यावर, वरून लसूण-लोणी

(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



नशिराबादच्या माणसाला भरीत करायला शिकवावं, एवढं धाडस माझ्यात नाही. पऱ्हाट्यांचा जाळ कसा करायचा, वांगं केव्हा उलटायचं, देठाशी बोट दाबून ते शिजलं की नाही हे कसं ओळखायचं, हे आपल्याकडे पोरंसुद्धा जाणतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याला आनंद झाला, पण नवल वाटलं नाही. आजचं माझं बोलणंही भाजण्याचंच आहे, मात्र वांग्याचं नव्हे. शेततळ्यातल्या मोठ्या झिंग्याचं आहे. ज्यांच्या घरी सामिष चालत नाही, त्यांनी मधला भाग सोडून लसूण-लोण्याचं तेवढं ऐकावं. ते भाकरीवर आणि भरतातही लागू पडतं.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि आपल्या शिवारात तळी झाली. काहींनी त्यात रोहू-कटला सोडले. काहींनी त्यासोबत झिंगा सोडून पाहिला. हा झिंगा म्हणजे ओढ्यातला बोटभर झिंगा नव्हे. ह्याच्या नराला निळसर, लांबच लांब नांग्या असतात. बंगालात ह्यालाच गलदा म्हणतात. आषाढात बीज सोडलं तर दिवाळीनंतर काढणीला येतो. आणि मार्गशीर्षातली कडक थंडी पडायच्या आत तो काढावाच लागतो, कारण गार पाण्यात त्याची वाढ थांबते आणि फार गारठलं तर तो मरतो.

आता पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. व्यापारी येतो, मोठा मोठा माल निवडून घेतो. लहान, मऊ कवचाचे, नांगी तुटलेले मागे राहतात. ते ओल्या पोत्याखाली घमेल्यात संध्याकाळपर्यंत पडून असतात. मग घरची बाई ते काळ्या मसाल्यात शिजवते. ज्यांनी पाच महिने त्याला खाद्य टाकलं, त्या घराला चांगला झिंगा कसा लागतो हे माहीतच नसतं. माझं म्हणणं असं की, काढणीच्या दिवशी किलोभर चांगला माल आधी घरासाठी बाजूला काढावा. व्यापारी येण्याच्या आधी, नंतर नव्हे. किलोमागे जे चार पैसे जातील ते जाऊ द्यावेत.

मी पहिल्यांदा हा झिंगा भाजला तेव्हा फजिती झाली, ती आधी सांगते. काढणी सकाळी अकराला झाली. माझ्या वाट्याला आला तो संध्याकाळी सहाला. कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं तसं लोणी आधीच चोपडून, लसूण वर लावून मी तो जाळीवर ठेवला. लोण्याचे थेंब निखाऱ्यात पडले, जाळ भडकला, लसूण जळून कडू झाला. पोरांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. वरून कवच कसं लालभडक, झकास दिसत होतं! आत मात्र मानेजवळचं मांस पिठासारखं भुसभुशीत, आणि शेपटाकडचं चिवट. घरात सगळे म्हणाले, लोण्यानंच घोटाळा केला. मीही तसंच समजले.

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण आली. ती रत्नागिरीकडे दिलेली आहे. तिकडे समुद्रात शेवंड मिळते. शेवंड म्हणजे ह्या झिंग्याची थोरली चुलत बहीणच समजा. अंगावर काटे, डोक्यावर हातभर लांब मिशा, पण पुढे मोठ्या नांग्या नसतात. खाण्यासारखं बहुतेक मांस शेपटीत. पूर्वी तिकडे ती घरी कालवणात जायची. पुढे परदेशी मागणी आली, भाव चढला, आणि कोळ्याच्या घरची शेवंड पेटीत बसून जाऊ लागली. आपल्या झिंग्याचीच गोष्ट की नाही ही? लहान लहान शेवंडीही जाळ्यातून उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा केंद्र सरकारनं २००३ साली निर्यातीसाठी कमीत कमी वजन ठरवून दिलं. आपल्या किनाऱ्यावर जी जात मुख्यतः मिळते तिला ३०० ग्रॅम. अंड्यांवर असलेली मादी सापडली तर ती परत सोडावी असं तिकडचे जाणते लोक सांगतात. आपल्या तळ्यात तो प्रश्न नाही. ह्या झिंग्याच्या पिल्लांना जन्मल्यावर काही आठवडे मचूळ, खारट पाणी लागतं. ते तळ्यात नसल्यामुळे तिथे पिल्लं जगत नाहीत. म्हणूनच आपल्याला दरवर्षी बीज विकत आणावं लागतं.

तर बहीण आली, तिनं माझी कहाणी ऐकली आणि हसून म्हणाली, “ताई, लोण्याचा काही दोष नाही गं. तुझा झिंगा दुपारीच बिघडला होता.”

हे नीट ध्यानात घ्या. झिंग्याच्या डोक्याखाली पिवळसर-तपकिरी गर असतो. त्यात त्याचे पाचक रस असतात. जिवंतपणी ते रस खाद्य पचवतात. झिंगा मेला की तेच रस मागे शेपटीत झिरपतात आणि त्याचंच मांस पचवू लागतात. गोड्या पाण्यातल्या ह्या झिंग्यात हे फार लवकर होतं, आणि आपल्या खानदेशच्या उन्हात तर विचारू नका. मानेपाशी पीठ होतं ते ह्यामुळे. मग वर कितीही मसाला घाला, लोणी ओता, गेलेलं मांस परत येत नाही.

उपाय सोपा आहे. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, म्हणजे आतडं रिकामं राहतं. काढणी सकाळी उजाडताना करा. जळगाव किंवा भुसावळहून बर्फाची लादी आदल्या रात्रीच आणून भुशात दाबून ठेवा. एका टोपात जितकं पाणी तितकाच फोडलेला बर्फ घ्या आणि जाळ्यातून निघालेला जिवंत झिंगा थेट त्यात टाका. दहा-पंधरा मिनिटांत तो निपचित होतो. मग लगेच डोकं पिळून वेगळं करा. शेपट्या धुवून, झाकणाच्या डब्यात घालून तो डबा बर्फात ठेवा. शेपट्या पाण्यात भिजत ठेवू नका, चव पाण्यात उतरते. असा माल संध्याकाळपर्यंत चांगला राहतो.

डोकी फेकू नका. ह्या झिंग्याचं डोकं मोठं असतं. किलोभर अख्खा माल घेतला तर शेपट्या भरतात चारशे-साडेचारशे ग्रॅम, बाकी सगळं डोकं आणि नांग्या. डोळ्यांच्या मागची वाळूची पिशवी तेवढी काढून टाका आणि डोकी ठेचून, काळा मसाला घालून दुपारीच रस्सा करा. तो रस्सा आणि कळण्याची भाकरी. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, नाहीतर भाजायचं राहून जाईल.

विकत घेणार असाल तर एवढं पाहा. डोकं धडाला घट्ट हवं, लोंबकळायला नको. कवच काचेसारखं, किंचित निळसर-हिरवट, त्यावर काळे डाग नकोत. मांस दाबलं की परत वर यायला हवं. नाकाशी धरलं तर नवसागरासारखा उग्र वास आला की समजा, माल शिळा. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

आता एक गोष्ट सांगते, ती स्वयंपाकाची नाही, पण स्वयंपाकाच्या आधीची आहे. तीन वर्षांमागे भाद्रपदात आमच्या तळ्यावर घडलेली. कपाशीवर फवारणी झाली आणि आमच्या ह्यांनी पंप तळ्याच्या कडेला विसळला. तांब्या-दोन तांबे पाणीच ते, असं त्यांना वाटलं. रात्री पाऊस आला, कडेचं सगळं पाणी तळ्यात उतरलं. सकाळी पाहते तर झिंगे काठाला येऊन उड्या मारताहेत, कित्येक पोट वर करून पडलेले. आणि गंमत अशी की, रोहू मात्र मजेत पोहत होते. त्यामुळे घरात कोणालाच औषधाचा संशय येईना. विष असतं तर मासे आधी मेले असते, असं सगळे म्हणू लागले.

हा समज चुकीचा आहे, बंधूंनो. झिंगा हा मासा नव्हे. सांध्या-सांध्याचे पाय, अंगावर कवच, ते टाकून वाढायची रीत, हे सगळं किड्यांसारखं. तो किड्यांच्याच मोठ्या घराण्यातला. आपण फवारतो ते औषध किड्यांच्या मज्जातंतूंसाठी बनवलेलं असतं. बोंडअळी ज्यानं मरते त्यानं झिंगाही मरतो, आणि तोही माशाला काही न होणाऱ्या अगदी थोड्या मात्रेत.

दोन घमेली झिंगा निघाला होता. सासूबाई म्हणाल्या, “एवढा सोन्यासारखा माल. मिठाच्या पाण्यानं धू, हळद लाव, चांगला उकळ. काही होत नाही.” त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी दुष्काळाचे दिवस काढलेले, अन्न टाकणं त्यांना पाप वाटतं. मी नाही म्हटलं. धुण्यानं, उकळण्यानं किंवा भाजण्यानं औषध जाईल याची कोणी हमी देऊ शकत नाही. घरात लहान नातवंडं होती. मी विहिरीपासून लांब खड्डा काढला, चुना टाकला आणि दोन्ही घमेली त्यात पुरली. त्या दिवशी घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी तळ्याच्या कडेला ह्यांनी आपल्या हातानं काठी रोवली आणि त्याच्या आत पंप आणायचा नाही असं गड्यांना बजावलं. पंप धुवायचा तो पिकातच, आणि ते पाणीही पिकावरच मारायचं. तळ्याकडे वारा असेल त्या दिवशी तळ्यालगतच्या ओळी फवारायच्या नाहीत.

कधीकधी ढगाळ हवेत पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी होऊनही झिंगा काठाला येतो. ते वेगळं. पण आपोआप मेलेला झिंगा पाहून तो कशानं मेला हे आपल्याला सांगता येत नाही. म्हणून आमच्या घरी आता नियमच आहे. जाळ्यात जिवंत आला तो चुलीकडे. मेलेला दिसला तो खड्ड्याकडे.

आता चुलीकडे वळू या.

आधी लोणी करून ठेवावं. घरचं म्हशीचं लोणी घ्या, दोन मोठ्या लिंबांएवढा गोळा, म्हणजे अंदाजे १०० ग्रॅम. गार पाण्यात तीन-चार वेळा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. लोण्यात ताक राहिलं तर ते लवकर आंबतं आणि तापल्यावर करपतं. आठ-दहा पाकळ्या गावरान लसूण घ्या. त्यातल्या निम्म्या सालासकट निखाऱ्याच्या कडेला राखेत भाजा. भाजलेला लसूण गोड होतो, कच्चा लसूण झणका देतो. दोन्ही हवेत. एक-दोन हिरव्या मिरच्याही तिथेच भाजून घ्या. ठेच्याचं प्रमाण इथे लावू नका, नाहीतर झिंगा कुठे आणि जीभ कुठे! हे सगळं चिमूटभर मीठ घालून पाट्यावर जाडसर वाटा. कोथिंबीर धुवून, फडक्यावर पूर्ण सुकवून बारीक चिरा. ओली कोथिंबीर घातली तर पाणी सुटतं. मग सगळं लोण्यात हातानं नव्हे, चमच्यानं कालवा. हाताच्या उबेनं लोणी पातळ होतं.

ह्या गोळ्याची वळकटी करून केळीच्या पानात गुंडाळा. पान आधी निखाऱ्यावरून फिरवून मऊ करा, म्हणजे फाटत नाही. आपल्याकडे पानाला काय तोटा? वळकटी फ्रीजमध्ये ठेवा, नसेल तर बर्फाच्या डब्याशेजारी. कच्चा लसूण घातलेलं लोणी बाहेर दिवसेंदिवस ठेवू नये, ते धोक्याचं असतं. फ्रीजमध्येही तीन-चार दिवसांत संपवावं. लिंबू आत पिळू नका. रस लोण्यात मुरत नाही, वेगळा होऊन बसतो. लिंबू ताटात पिळायचं.

माझी बहीण ह्यात कोथिंबिरीसोबत थोडं ओलं खोबरं घालते. तिच्या घरी ते शोभतं. मी त्याऐवजी अर्ध्या लोण्यात चिमूटभर काळा मसाला घालते. काळा मसाला घातलेलं लोणी नुसत्या भाकरीवर घेऊन पाहा.

आता शेपटी. कात्रीनं पाठीवरचं कवच मानेकडून शेपटाच्या पंख्यापर्यंत उभं कापा. सुरीनं मांसाला अर्ध्या खोलीपर्यंत चीर द्या आणि आतला काळा दोरा ओढून काढा. पोटाकडचं कवच तसंच ठेवा, ते काढायचं नाही. मग दोन्ही अंगठ्यांनी शेपटी वहीसारखी उघडा. गरम झाली की ती आकसून वाटोळी होते, म्हणून बांबूची काडी अर्धा तास पाण्यात भिजवून मांसातून उभी घाला. भाजण्याच्या अगदी आधी मीठ, हळद आणि अर्धा चमचा तेल चोळा. मीठ लावून तासभर ठेवलं की पाणी सुटतं आणि मांस घट्ट होतं. इथे लोणी नाही, तेल. हे विसरू नका.

निखारे बाभळीचे चांगले. पऱ्हाटी वांग्याला ठीक, कारण तिथे जाळ हवा असतो. तिचे निखारे लगेच विझतात. रंग दिलेलं लाकूड किंवा रॉकेल ओतून पेटवलेलं जळण वापरू नका, वास मांसात उतरतो. जाळ पूर्ण बसून निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की जाळी ठेवा. जाळीच्या वर एक वीतभर अंतरावर तळहात धरा. तीन-चार आकडे मोजेपर्यंत हात काढावासा वाटला तर आच बरोबर आहे. एक आकडा मोजतानाच चटका बसला तर थांबा. आणि भगिनींनो, शेगडी अंगणात किंवा पडवीत ठेवा. थंडीचे दिवस म्हणून दार लावून घरात कोळशाची शेगडी पेटवू नका. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

पहिल्यांदा उघडी बाजू खाली ठेवा, मिनिटभरच. मांसावर जाळीच्या तपकिरी रेघा उठल्या की शेपटी उलटा. आता कवच खाली, मांस वर. कवचाची पन्हळ झाली की नाही? ह्या पन्हळीत लसूण-लोण्याची एक चकती ठेवा. ते हळूहळू वितळतं, मांसात उतरतं, आणि निखाऱ्यात न सांडता कवचातच राहतं. मी पहिल्या वर्षी जे उलटं केलं होतं ते हेच. लोण्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, म्हणून उघड्या आगीवर ते टिकत नाही. आग तेलानं सोसायची आणि लोण्यानं शेवटी यायचं.

दोन बोटं जाडीच्या शेपटीला कवचावर तीन-चार मिनिटं पुरतात. आधीचं एक धरून एकूण पाच. मिनिटांवर जाऊ नका, मांसाकडे पाहा. कवच लाल होणं ही खूण नव्हे. तो लाल रंग कवचात आधीपासून लपलेला असतो, उष्णता लागली की लगेच उघडा होतो, आत मांस कच्चं असलं तरी. मांसाची खूण अशी: कच्चं असताना ते काचेसारखं आरपार दिसतं, शिजलं की दुधासारखं पांढरं होतं. सगळ्यात जाड जागी सुरीचं टोक घालून पाहा. आत काचेचा अंश संपला की उतरवा. त्यानंतर एक मिनिटही जास्त ठेवू नका. गावठी कोंबडी जास्त शिजवली तर मऊ पडते, झिंग्याचं उलटं आहे. जास्त वेळ ठेवला की रबर.

ज्यांचे नातलग मुंबईकडे किंवा कोकणात आहेत आणि जे कधी शेवंडीची शेपटी आणतात, त्यांच्यासाठी रीत हीच. फक्त ती जाड असते, कवच कापायला मजबूत कात्री लागते. दोनशे ग्रॅमच्या शेपटीला एकूण आठ-दहा मिनिटं धरा. गोठवलेली आणली असेल तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या. गरम पाण्यात टाकून घाई केली की बाहेरून शिजते आणि आत बर्फ राहतो.

जाळी नसेल तर जाड लोखंडी तव्यावरही होतं. तवा चांगला तापवा, थोडं तेल, आधी मांसाची बाजू, मग कवचाची, लोणी घातल्यावर वर झाकण. धुराचा वास मिळत नाही, पण चव येते. ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी पापडाची जाळी मात्र वापरू नये, लोणी बर्नरवर गळतं.

एक सावधगिरी. पहिल्यांदाच झिंगा खाणाऱ्यानं, विशेषतः लहान मुलानं, आधी एक छोटा तुकडा खाऊन थांबावं. माझ्या भाच्याला दोन घासांत ओठ सुजले आणि अंगभर गांधी उठल्या. काही प्रकृतींना झिंगा, खेकडा, शेवंड सोसतच नाही. चांगला शिजवला म्हणून तो त्रास टळत नाही. श्वास लागला किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि एकदा असं झालं की त्या माणसाला ‘थोडंसंच घे’ असा आग्रह पुन्हा कधी करू नका. आपल्याकडे आग्रहाची सवय फार.

एका भगिनीनं पत्रातून विचारलं होतं की, एवढ्या दिव्यातून जाऊन चार शेपट्या खाण्यापेक्षा त्या पैशात घरभर पुरेल एवढी कोंबडी येत नाही का? येते. मीही वर्षभर कोंबडीच करते. पण आमच्याकडे काढणीच्या संध्याकाळी अंगणात निखारे पेटतात, ज्या दोन गड्यांनी पहाटे थंड पाण्यात उतरून जाळं ओढलं ते पाटावर बसतात, आणि पहिली शेपटी त्यांच्या ताटात जाते. सासूबाईंना दात नाहीत. त्यांना मानेकडचा मऊ तुकडा लोण्यात कुस्करून देते. आता तो पीठ होत नाही. गेल्या साली त्यांनी खाता खाता विचारलं, “हा सकाळी जिवंत होता ना गं?” मी हो म्हटलं, मग पुढचा घास घेतला.

वाढताना कळण्याची गरम भाकरी ताटात आधी ठेवा आणि शेपटी तिच्यावर उपडी करा, म्हणजे कवचातलं लोणी भाकरीत उतरतं. वर लिंबू. सोबत कच्चा कांदा. बाकी काही लागत नाही. भाजलेला झिंगा उरवू नका, दुसऱ्या दिवशी गरम केला की चिवट होतो. कवचं मांजरापासून लांब, खताच्या खड्ड्यात खोल पुरा. वर नुसती टाकली तर रात्री कुत्री उकरतात.

लोण्याची वळकटी उरली असेल तर दुसऱ्या दिवशी भरतात घालून पाहा. वांगं चुलीवरून उतरवून सोललं की लगेच, वाफ असतानाच घालायची. वर कांद्याची पात. मिरची मात्र मग बेतानं घाला, लोण्यात आधीच आहे.